सहायिका चिपळूणला, मी बडोद्यात आणि कार्ड बँकेत

एका सॉफ्टवेअरचे महिन्याला 12 डॉलर, म्हणजे जेमतेम हजार रुपये. ते भरता यावेत म्हणून मला बँकेत चार खेपा घालाव्या लागल्या. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. नोकरीतून निवृत्त झाल्यावर उत्तरवाहिनी नर्मदा परिक्रमेच्या, म्हणजे नर्मदा जिथे उत्तरेकडे वाहते तेवढ्याच पट्ट्याच्या प्रदक्षिणेच्या, छोट्या फेऱ्या न्यायला लागलो. रामपुरा-तिलकवाड्याचं वीसेक किलोमीटरचं चालणं, आणि जमलं तर गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीचं दर्शन. येणारी माणसं सांगली, नाशिक, पुण्याकडची. चैत्र लागला की फोन खाली ठेवता येत नाही. "काका, गुडघे दुखतात, जमेल का?" "काका, भाकरी मिळेल ना?" मी घाटावर होडीच्या रांगेत उभा असायचो आणि इकडे नवे लोक उत्तराची वाट बघून दुसरीकडे बुकिंग करायचे. शेवटी भाचीच्या ओळखीतून चिपळूणची एक मुलगी मिळाली. बाळ लहान, घरूनच काम हवं होतं. दिवसाचे चार तास यात्रेकरूंचे फोन आणि मेसेज ती सांभाळणार, असं ठरलं.

बोलायला काय वापरायचं याचा निकाल पाच मिनिटांत लागला. झूमची फुकटची मीटिंग 40 मिनिटांनी तुटते, आणि आम्ही दोघंच. व्हॉट्सअ‍ॅपचा साधा कॉल पुरे. धंद्याचा नंबर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर होताच, तो तिच्या लॅपटॉपला जोडायचा होता. मी म्हटलं, व्हिडिओ कॉलवर क्यूआर दाखव, मी स्कॅन करतो. कॉल ज्या फोनवर चालू, स्कॅन त्याच फोनने करायचं, हे आम्हा दोघांच्या दहा मिनिटं लक्षात आलं नाही. शेवटी तिनेच शोधून काढलं की फोन नंबर टाकून आठ अक्षरांचा कोड मिळतो, तो मुख्य फोनवर टाकला की झालं. दूरच्या माणसासाठी हाच मार्ग सोपा. मुख्य फोनखेरीज चार उपकरणं जोडता येतात, म्हणून ती मेसेजना उत्तरं देत असताना माझा फोन खिशात राहू शकतो. फक्त मुख्य फोन चौदा दिवस वापरला नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप सुटतात.

आता मूळ दुखणं. कोणाचे पैसे आले, कोणाला खालची खाट हवी, कोणाचं जेवण बिनकांद्याचं, हे लिहायला ती आधीच्या मालकाकडे एक परदेशी अ‍ॅप वापरायची. रंगीत कार्डं इकडून तिकडे सरकवायची. दिसायला सुरेख, आणि 14 दिवस फुकट. आम्ही चैत्रातल्या तिन्ही फेऱ्यांच्या याद्या त्यात भरल्या. पंधराव्या दिवशी त्याने कार्ड मागितलं. मी डेबिट कार्डाचा नंबर टाकला. नाकारलं. पुन्हा टाकला. पुन्हा नाकारलं.

पहिली खेप. काउंटरवरच्या मुलाने कार्ड मशीनमध्ये घालून बघितलं आणि म्हणाला, "काका, कार्ड तो चालू ज छे." ते मलाही माहीत होतं, आदल्या दिवशी त्यावरच किराणा आणला होता. परदेशी साइटवर चालत नाही म्हटल्यावर त्याने बँकेच्या मोबाइल अ‍ॅपमधून 'इंटरनॅशनल' चालू करायला सांगितलं. घरी येऊन बघतो तर अ‍ॅपमध्ये तसं बटणच नाही.

दुसरी खेप. या वेळी आत बसणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी कार्ड उलटंसुलटं केलं आणि दोन सेकंदांत सांगितलं, हे देशांतर्गत रुपे कार्ड आहे, परदेशी साइटवर चालणार नाही, व्हिसाचं घ्यावं लागेल. फॉर्म, फोटो, सही जुळवणं, दहा दिवसांनी पोस्टाने. हे काउंटरवरच्याला दिसलं नव्हतं? कार्डावर ठळक छापलेलं असतं!

तिसरी खेप. नवं कार्ड आलं, एटीएममध्ये पिन केला, दुकानात चाललं, अ‍ॅपने नाकारलं. आता कळलं की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 16 मार्च 2020 पासून नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांसाठी चालू असतं. ऑनलाइन आणि परदेशी वापर खातेदाराने स्वतः सुरू करायचा. नियम चांगला आहे, चोरीला आळा बसतो. पण कार्ड माझ्या हातात देणाऱ्या पाकिटात ही एक ओळ मोठ्या अक्षरांत का नको? आणि मोबाइल अ‍ॅपमध्ये अजून जुनंच कार्ड दिसत होतं, म्हणून शाखेत जाणं आलं. तासभर बसलो. सर्व्हर, जेवणाची सुट्टी, परत सर्व्हर. त्या संध्याकाळी ओटीपी आला, पैसे गेले. मी खुशीत लीलो चेवडा घेऊन घरी आलो आणि चिपळूणला फोन करून सांगितलं, "जिंकलो!"

महिनाभराने, दुसऱ्या फेरीच्या दिवशी पहाटे तिचा फोन. "काका, यादी उघडत नाहीये. पैसे भरा म्हणतंय." बस उभी, सत्तावीस माणसं यायची, आणि कोणाला कुठून उचलायचं ते त्या बंद अ‍ॅपमध्ये. माझे हातपाय गार पडले. मग ती शांतपणे म्हणाली, "काल रात्री मी सगळं गूगल शीटमध्ये उतरवून ठेवलंय. सवय आहे मला." त्या शीटवर अख्खी फेरी निघाली. एक माणूस सुटला नाही, एका ताटात कांदा गेला नाही.

चौथी खेप घातली ती निव्वळ हट्टाने. त्याच बाईंनी समजावलं. 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून आपोआप, दरमहा कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी ई-मॅन्डेट लागतो: पहिल्यांदा ओटीपी देऊन नोंद, मग प्रत्येक वेळी किमान 24 तास आधी बँकेची सूचना. आपल्या बँकेकडे त्या कंपनीची नोंदच होत नाही, म्हणून पहिला हप्ता गेला आणि दुसरा अडला. मी विचारलं, "हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं?" त्या म्हणाल्या, "तुम्ही दरमहाचं आहे असं सांगितलंच नाहीत." खरं आहे, नव्हतं सांगितलं. पण त्यांनी विचारलंही नव्हतं.

म्हणून माझं मत असं की सहायकासाठी सॉफ्टवेअर निवडताना आधी पैसे भरायचं पान उघडा. रुपयांत किंमत आहे का, यूपीआय आहे का? नसेल तर रंगीत कार्डांना भुलू नका, निदान माझ्यासारख्याने तरी.

आता सगळं शीटमध्ये आहे. तिला 'एडिटर' केलंय. पैशांचा स्तंभ मात्र संरक्षित, त्यात फक्त मी लिहितो. एकदा मीच जेवणाचा अख्खा स्तंभ पुसला होता, पण जुन्या आवृत्त्या जपलेल्या असतात, तिने परत आणला.

हे आधी सांगायला हवं होतं: यात्रेकरूंची आधार कार्डं व्हॉट्सअ‍ॅपवर तशीच मागवू नका. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. मुक्कामाच्या ठिकाणी तेवढं चालतं का ते आधी विचारून घ्या. आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून फोटो पाठवायचा नाही. मी पाठवला होता. तिने रागावून बिटवॉर्डन हे पासवर्ड जपणारं अ‍ॅप लावायला लावलं. त्याच्या फुकट योजनेत दोन माणसांना पासवर्ड वाटून घेता येतात. बँकेचा पासवर्ड आणि ओटीपी मात्र कोणालाच नाही, ती घरच्यासारखी असली तरी.

गूगलची फुकटची 15 जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते. माझी आरतीच्या व्हिडिओंनी भरली होती. पूर्ण भरली की मेलसुद्धा येत नाही, त्यामुळे मोसमाआधी झाडलोट करा.

ते व्हिसा कार्ड त्या एका हप्त्यानंतर परत वापरलेलं नाही. गेल्या आठवड्यात मेसेज आला: वार्षिक फी अधिक जीएसटी, खात्यातून वजा. बंद करायचा अर्ज शाखेत जाऊनच द्यावा लागतो. अजून गेलो नाही.