बिनड्रिल बोर्ड, पुढचा भाग: टेप टिकली, पुट्टी सुटली

मंडळी, भाड्याच्या खोलीत भिंतीला भोक न पाडता वायरिंग करतोय. त्यासाठी मागच्या अपडेटमध्ये टेपनं चिकटवलेला सॉकेट बोर्ड भिंतीवरून उतरला. सोल्डरिंग आयर्नचा प्लग जरा तिरका ओढला आणि सगळा बॉक्सच हातात आला. एमसीबी (वीज तोडणारा स्विच) बंद करून आधी वायरी तपासल्या, त्या शाबूत आहेत. मग बॉक्स उलटा करून बघितला. व्हीएचबी टेप (दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोम टेप) बॉक्सला घट्ट होती. तिच्यावर रंगाचा पापडासारखा थर, त्याखाली पांढरी पुट्टी आणि पुट्टीच्या पाठीला काँक्रीटची करडी पूड. म्हणजे टेप सुटलीच नव्हती, पुट्टीनं भिंत सोडली होती.

त्याच टेपनं लावलेल्या केसिंग-कॅपिंगला (वायरी झाकणाऱ्या पट्ट्यांना) आणि ट्यूबच्या क्लिपांना हा त्रास का नाही, तेही यातून कळलं. केसिंग-कॅपिंगचं वजन किरकोळ आणि ते भिंतीला समांतर खाली ओढतं. एलईडी ट्यूबचंही तसंच. अशा ओढीला फोम टेप दाद देत नाही. सॉकेटची गोष्ट वेगळी. प्लग तिरका ओढला की बॉक्सच्या एका कडेवर सगळा जोर येतो आणि तिथून सोलायला सुरुवात होते. कुठलाही गोंद तिथेच मार खातो, आणि इथे तर गोंदाच्या मागे पुट्टी होती.

म्हणून यावेळी बोर्डाच्या जागेपुरती पुट्टी पत्र्यानं खरवडून थेट काँक्रीट गाठलं. (घरमालकांची अट फक्त भोकं न पाडण्याची आहे. खोली सोडताना तेवढी पुट्टी आणि रंग मी करून देणार, हे त्यांच्याशी बोलून घेतलंय.) आमची इमारत मायव्हान पद्धतीची (साच्यात काँक्रीट ओतून बांधलेली), भिंतीसुद्धा अखंड काँक्रीटच्या. उघड्या काँक्रीटवर हायलमचे (कडक लॅमिनेट शीटचे) दोन तुकडे अरल्डाइटनं (दोन भाग मिसळून लावायच्या इपॉक्सी गोंदानं) चिकटवले, एक तसाच आणि एक कार्बोरंडमच्या दगडानं घासलेल्या जागेवर. पूर्ण सुकल्यावर दोन्हीला पाण्याची बादली टांगली. पहिला तुकडा सुटला, पाठीवर करडा थर घेऊन. दुसरा जागचा हलला नाही. नाद खुळा!

कारण असं: साच्यातून निघालेल्या काँक्रीटच्या तोंडावर सिमेंटचा एक पातळ, दुधाळ, कमकुवत थर असतो आणि साचा सुटावा म्हणून लावलेल्या शटरिंग ऑइलचा अंशही राहू शकतो. न घासलेल्या जागेवर पाण्याचा थेंब टाकला तर तो गोळा होऊन उभा राहिला. घासलेल्या जागेवर पसरून लगेच मुरला आणि तिथे गडद डाग पडला. आता माझी कसोटी हीच. वाळूचे कण दिसेपर्यंत घासायचं, ब्रशनं आणि व्हॅक्युमनं धूळ काढायची आणि थेंब मुरतोय का बघायचं. मग भिंत पूर्ण वाळू द्यायची. ओल्या फडक्यानं पुसून लगेच गोंद लावू नका, काँक्रीट पाणी धरून ठेवतं.

आपल्याकडच्या पावसाळ्यात तर आधी प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपनं बंद करून रात्रभर भिंतीवर ठेवा. सकाळी आतल्या बाजूला दव असेल तर ओल भिंतीतून येतेय. ती थांबेपर्यंत तिथे काही चिकटवूच नका, विजेचं तर नाहीच.

अरल्डाइटमध्ये मी पाच मिनिटांवाल्यापेक्षा साधं, सावकाश सेट होणारं घेतो. रेझिन आणि हार्डनर सारख्या मापानं घ्यायचे, आणि काँक्रीटच्या बारीक छिद्रांत उतरायला त्याला वेळ मिळतो. तोवर तुकडा मास्किंग टेपनं धरून ठेवावा लागतो, एवढीच कटकट. हायलमही दोन्ही बाजूंनी ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं मारून घ्या, त्या चकाकीवर काही धरत नाही. हायलमचे कटपीस कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात मिळाले. लक्ष्मीपुरीतले नेहमीचे दुकानदार बॉक्स कशाचा आहे ते सरळ सांगतात, म्हणून बॉक्स तिथूनच घेतो. ऑनलाइन मागवलेला एक बॉक्स मात्र पॉलिप्रॉपिलीनचा निघाला, त्याला गोंद धरतच नाही. शंका असेल तर कोपऱ्याचा कपचा पाण्यात टाका. पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, पीव्हीसी बुडतं.

व्हीएचबी वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट परत सांगतो: चिकटवल्या चिकटवल्या वजन देऊ नका. खोलीच्या तापमानाला वीस मिनिटांत साधारण निम्मी पकड येते, २४ तासांत ९० टक्के आणि पूर्ण पकडीला ७२ तास लागतात.

तर बेत असा होता की ६ बाय ८ इंचाची हायलम प्लेट घासलेल्या काँक्रीटवर अरल्डाइटनं बसवायची आणि बॉक्स त्या प्लेटला स्क्रूनं. पाया मोठा म्हणजे कडेवरची ओढ कमी, आणि बॉक्स बदलायचा झाला तर भिंतीला हात लावायला नको. पण हे लिहितालिहिताच डोक्यात आलं की वजन भिंतीवर द्यायचंच कशाला? १२ मिमी प्लायचा उभा पॅनल टेबलामागे थेट जमिनीवर टेकवायचा. वरच्या बाजूला दोन हायलम प्लेटा आणि एल-क्लॅम्प, ते फक्त पॅनल पुढे झुकू नये म्हणून. प्लग काढताना येणारी बरीच ओढ प्लाय आणि जमीन घेतील. शिवाय एमसीबी, ३० एमएची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), सॉकेट सगळं एका फळीवर येईल. १६ ॲम्पिअरच्या पॉइंटवरून २.५ स्क्वेअर मिमीची तीन कोअर केबल, अर्थिंगसकट. खोली सोडताना पॅनल उचलून न्यायचा.

त्यामुळे प्लेटा चिकटवायचं काम थांबवलंय. आधी प्लाय कापून आणतो. पॅनलच्या तळाला रबरी बूट लावावेत की लाकडी पट्टी, यावर अडलोय. रोज फरशी पुसली जाते, प्लायला पाणी लागता कामा नये. कोणी असा उभा पॅनल वापरत असाल तर तळाचा फोटो टाका.