जोड मिळाल्याशिवाय

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि तुकड्यातुकड्यांनी उत्तरं देऊन थकले म्हणून, आज सगळं एकदाच लिहिते. जॉर्जियाला सिक्स नेशन्समध्ये, म्हणजे इंग्लंड, फ्रान्स, आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि इटली यांच्या दरवर्षीच्या रग्बी स्पर्धेत, घ्यावं का? वेल्समधल्या कार्डिफच्या हॉस्पिटलात जेवणाच्या सुट्टीत हे विचारलं जातं. तिबिलिसीला माझ्याबरोबर डॉक्टरकी शिकलेले आणि आता आपापल्या गावी दवाखाना चालवणारे मित्रही फोनवर हेच विचारतात. सगळ्यांच्या स्वरात एक गृहीत असतं: तू तिथे सहा वर्षं काढलीस, तू हो म्हणणारच.

म्हणणारच. तिथे राहिले हेही त्याचं एक कारण आहे, ते नाकारत नाही. साबुरतालोतल्या ज्या घरात मी खोली घेऊन राहत होते, तिथल्या आजींना सगळे बेबो म्हणायचे. रग्बीचा सामना असला की त्या पोळपाटाएवढी गरम खाचापुरी, म्हणजे चीज भरलेली रोटी, टीव्हीसमोर आणून ठेवत आणि स्क्रम लागला की, म्हणजे दोन्ही संघांचे गडी खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटू लागले की, पदराशी चाळा करावा तशी ओढणी बोटांना गुंडाळत. गुरियातल्या शुखुती गावात ईस्टरला सोळा किलोचा चामडी चेंडू घेऊन गावाचे दोन भाग एकमेकांना रेटतात, त्या खेळाचं नाव लेलो. रग्बीत समोरच्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की होतो त्या ट्रायलाही जॉर्जियन लोक लेलोच म्हणतात. त्यांना हा खेळ कुणी शिकवला असं वाटतच नाही.

पण माझं खरं कारण तिबिलिसीचं नाही, कोल्हापूरचं आहे. आजोबा तालमीत वस्ताद होते. त्यांच्याकडून लहानपणी ऐकलेलं एकच सांगते: पैलवान खुराकाने वाढतो, मेहनतीने वाढतो, पण जोड मिळाली नाही तर जागच्या जागी बसतो. रोज आपल्याहून हलक्याला चीत करून कुणी मोठा होत नाही. जॉर्जियाने २०१८ ते २०२५ सलग आठ वर्षं युरोपातली दुसऱ्या फळीची स्पर्धा जिंकली. आठ वर्षं तीच माती, तेच हलके गडी. २००७च्या विश्वचषकात त्यांनी आयर्लंडला १४-१० पर्यंत घाम फोडला होता. त्यानंतर आयर्लंडचा संघ तिबिलिसीत कसोटी खेळायला आला तो २०२५च्या जुलैमध्ये. आयर्लंडने ३४-५ ने जिंकलं आणि लोक मला म्हणाले, बघ. काय बघू? अठरा वर्षांनी घरी आलेल्या पाहुण्यासमोर घाबरणाऱ्या पोराला बघू?

रोमानियाचं उदाहरण मी प्रत्येकाला देते, तुम्हालाही देते. १९८३मध्ये त्यांनी वेल्सला बुखारेस्टमध्ये २४-६ ने हरवलं, १९८८मध्ये इथे कार्डिफला येऊन १५-९ ने हरवलं. तेव्हा फाइव्ह नेशन्सचं, म्हणजे इटली यायच्या आधीच्या याच स्पर्धेचं, दार कुणी उघडलं नाही. पुढे क्रांती झाली, ज्या सरकारी पैशावर तो खेळ उभा होता तो गेला, आणि २०२३च्या विश्वचषकात स्कॉटलंडने त्यांना ८४-० ने हरवलं. नुसती दाराची कडी काढली असती तर सगळं टळलं असतं असं नाही. पण बाहेर उभा राहणारा किती काळ उभा राहतो, याला मर्यादा असते.

आता ज्याचा राग येतो ते सांगते. ही स्पर्धा जागतिक संघटनेची नाही, सहा देशांच्या रग्बी मंडळांची मालमत्ता आहे. २०२१मध्ये सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीने तिच्यातला सातवा हिस्सा साडेछत्तीस कोटी पौंडांना घेतला. ज्याचं घर, त्याने ठरवायचं. २०२६पासूनच्या नव्या बारा देशांच्या स्पर्धेतही जपान आणि फिजी आत आले, जॉर्जिया खालच्या गटात राहिला, आणि वर चढायची वाट २०३० पर्यंत बंद.

माझी जुनी भूमिका तुम्हाला ठाऊक आहे, कारण मी ती ओरडून मांडली होती: इटलीला काढा, जॉर्जियाला घ्या. इटली तेव्हा या स्पर्धेत हरतच चालला होता, २०१५ ते २०२२ सलग छत्तीस सामने. त्याच वेळी, २०२०च्या कोरोनातल्या शरद स्पर्धेत, जपानच्या जागी जॉर्जियाला बोलावलं होतं. इंग्लंडकडून ४०-०, वेल्सकडून १८-०, चारही सामने गेले. मी म्हणत होते, रिकाम्या मैदानात, महिनोन् महिने न खेळता आलेल्या पोरांना याच्यावर तोलू नका. इटलीला मात्र मी खुशाल तोलत होते. मग २०२२च्या मार्चमध्ये इटलीने कार्डिफमध्ये वेल्सला २२-२१ ने हरवलं, आणि २०२४मध्ये स्कॉटलंड आणि वेल्स दोघांनाही. माझं ऐकलं असतं तर ही पोरं कुठे असती? बावीस वर्षं मार खाऊ दिला म्हणून ती उभी राहिली. हे मला जॉर्जियासाठी हवं आहे, पण ते मागताना मी दुसऱ्याकडून काढून घ्यायला निघाले होते.

१९ नोव्हेंबर २०२२, कार्डिफमध्ये वेल्स विरुद्ध जॉर्जिया. आमच्या वॉर्डातली सिस्टर, वेल्समधल्या रोंदा खोऱ्यातली, वडील कोळशाच्या खाणीत होते. ते गेल्यानंतर स्टेडियममध्ये आपल्या शेजारच्या त्यांच्या खुर्चीवर ती कुणाला ना कुणाला नेते. त्या दिवशी मला नेलं. गाणी ऐकून मी रडले, तिने माझा हात धरला. मध्यंतराला वेल्स १२-३ ने पुढे होता आणि ती मला चहा आणून देत समजूत काढत होती: तुझी मुलं चांगली खेळताहेत हं. मग जॉर्जियाच्या तोदुआने लेलो केला, १२-१०. आवाज हळूहळू उतरत गेला. शेवटची काही मिनिटं उरली असताना स्क्रम लागला आणि मी उभी राहिले. जॉर्जियाची पुढची फळी एक श्वास थांबली आणि मग सगळी एकदम पुढे सरकली. कुस्तीत खालच्याची पकड सुटते ना, तो क्षण बघणाऱ्याला कळतो. मला कळला. रेफरीचा हात वर गेला: जॉर्जियाला पेनल्टी, खांबांमधून चेंडू मारून तीन गुण मिळवायची संधी. मातकावा, एकवीस वर्षांचा, चेंडू ठेवून मागे सरकला. तेवढ्या मोठ्या मैदानात मला फक्त आजोबा आठवत होते. १३-१२.

मी ओरडले. मोठ्याने, जॉर्जियनमध्ये. मग बाजूला बघितलं.

सिस्टर वडिलांच्या खुर्चीच्या हातावर हात ठेवून बसली होती. रागावली नव्हती. बाहेर पावसात चालताना बराच वेळ काही बोलली नाही, आणि स्टेशनजवळ म्हणाली, "त्यांना आत घ्यायचं म्हणतेस. मग बाहेर कोण जाणार? आम्ही?"

माझ्या तोंडात इटली होता. मी तो गिळला.

हा प्रश्न तेव्हा तिच्या दुःखातून आला होता. आता तो खरा झाला आहे. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी वेल्स सगळे सामने हरून तळाला राहिला. सहाचे सात करा, हे सोपं उत्तर मीही देऊन पाहिलं. सात झाले की पाच फेऱ्यांच्या सात होतात, दर फेरीत एक संघ बसून राहतो, आणि इंग्लंड-फ्रान्सचे क्लब आत्ताच आपले खेळाडू सोडताना कुरकुरतात. आणि जॉर्जियाला घेतलं तर पोर्तुगालचं काय? २०२३च्या विश्वचषकात तुलूझमध्ये त्यांनी जॉर्जियाला १८-१८ वर रोखलं, शेवटची पेनल्टी बसली असती तर जिंकलेच असते. २०२२मध्ये जॉर्जियाने बातुमीत इटलीला हरवलं होतं, पण २०२४मध्ये जेनोआत इटलीने २०-१७ ने तो हिशेब चुकता केला. माझ्या बाजूचा प्रत्येक आकडा कुणीतरी उलटा फिरवू शकतं, हे मान्य आहे. तरी मी हो म्हणते. दरवर्षी नाही, दोन वर्षांतून एकदा तरी, तळाला राहिलेल्या संघाने तिबिलिसीत जाऊन एक निकाली सामना खेळावा. जोड लावा, मग ठरवा.

हे मी सिस्टरला परवा सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि आम्ही हरलो तर?"

"तर दोन वर्षांनी परत या."

"बाहेर राहिलं की काय होतं ते तूच सांगत असतेस ना," ती म्हणाली. "रोमानियाचं."

तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही.