एक लार्ज, तब्येतीसाठी

मार्च लागला की गोव्यात जो तो थोडाफार डॉक्टर होतो. हुर्राक (काजूच्या रसाची एकदाच गाळलेली, हलकी दारू) पोटाला थंड, फेणी सर्दीवर, गुडघे धरले तर वरून चोळायला परत फेणीच, आणि जेवणाआधी थोडी घेतली की भूक लागते, हे सगळं ऐकतच आमच्या फोंड्याकडची पोरं मोठी होतात. त्यातलं चोळायचं काम मला अजून पटतं, निदान लिव्हरपर्यंत तरी जात नाही.

पण हल्लीचा युक्तिवाद व्हॉट्सअ‍ॅपवरून येतो. रोज थोडी घेणारे अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात म्हणे, संशोधन आहे. आता हे अगदीच हवेतलं नाही. 1991 साली अमेरिकेत टीव्हीवर सांगितलं गेलं की फ्रेंच लोक एवढं लोणी-चीज खातात तरी त्यांना हार्टचा त्रास कमी, आणि त्याचं श्रेय रेड वाईनला असावं, झालं, तिकडे रेड वाईनचा खप उसळला. पुढे बऱ्याच अभ्यासांत तसंच दिसत राहिलं, न घेणाऱ्यांना धोका जरा जास्त, थोडी घेणाऱ्यांना सगळ्यात कमी आणि ढोसणाऱ्यांचा तर विचारूच नका.

गोम आहे ती 'न घेणारे' म्हणून कोणाला मोजलं यात. समजा उद्या आमच्या वाड्यावर कोणी असा सर्व्हे करायला आला. आयुष्यभर रेटून पिऊन शेवटी लिव्हर बसल्यावर डॉक्टरने बंद करायला लावली असा माणूस आज काय सांगणार, की मी घेत नाही. म्हणजे तो बसला थेट माझ्या आईच्या रांगेत, जिने जन्मात थेंब घेतला नाही! तो लवकर गेला की खापर न पिण्यावर. कॅनडातले टिम स्टॉकवेल आणि त्यांचे सहकारी 2006 पासून हेच सांगतायत, अशी माणसं बाजूला काढली की तो फायदा बराचसा विरघळतो. आणि दुसरी बाजू बघा ना, संध्याकाळी मोजून एकच घेणारा माणूस असतो कोण, तर पेन्शन चालू, सकाळी वॉकिंग, वर्षातून एकदा ब्लड टेस्ट, घरचं हुमण-भात. त्याची तब्येत चांगली राहिली तर पेगचं काय कौतुक?

चीनमध्ये पाच लाखांवर लोकांचा अभ्यास झाला, 2019 ला छापून आला. तिकडे बऱ्याच जणांच्या जीन्समध्येच असं असतं की दारू सोसत नाही, तोंड लालबुंद होतं, म्हणून ते आपोआप कमी पितात. जीन काही आजारी पडल्यावर बदलता येत नाही, त्यामुळे वरचा घोळ इथे टळतो. तर मापात पिणाऱ्याला स्ट्रोकपासून संरक्षण मिळतं असं काही दिसेना, उलट दारू वाढेल तसा बीपी आणि स्ट्रोकचा धोका वाढतच गेला. चाळिशीनंतर अगदी थोडीने हार्टला जरासा फायदा असू शकेल असं 2022 चा एक मोठा अभ्यास म्हणतो, तेवढी फट अजून उघडी आहे. कॅन्सरचं मात्र तसं नाही, दारू 1988 पासून कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या, म्हणजे तंबाखूच्याच यादीत आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत सरळ सांगून टाकलं की सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही.

बरं, 'थोडी' म्हणजे किती? घरी पेग मोजतो कोण, हात सांगेल तेवढी ओततात. फेणी असते 42.8 टक्के, म्हणजे 60 मिलीच्या एका लार्जमध्ये साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल. ब्रिटनच्या डॉक्टरांची मर्यादा आहे आठवड्याला 14 युनिट, एक युनिट म्हणजे 8 ग्रॅम, तेव्हा रोज एकच लार्ज घेतली तरी आठवड्याचे साडेसतरा होतात. हुर्राकचं तर आणखी गमतीदार, पंधरा टक्क्यांच्या आसपास म्हणून लोक सरबतासारखी पितात, लिम्का, मीठ, उभी चिरलेली मिरची, पण 150 मिली हुर्राक घातली की झाले 18 ग्रॅम, जवळजवळ लार्जच. आणि हुर्राकवाला एका ग्लासावर उठलेला मी तरी बघितलेला नाही.

मला स्वतःला फेणीचा वास आवडतो, पाऊस असला आणि चार माणसं जमली तर घेतोही, चवीसाठी घेतो आणि तसंच सांगतो. तब्येतीचं नाव घेतलं की मात्र डोकं फिरतं, कारण तब्येतीचं म्हटलं की ती रोजची होते, औषध काय मधेच चुकवतात? आमचे एक काका अशीच वर्षानुवर्षं 'वखद', म्हणजे औषध, म्हणून घेतायत. त्यांना बसवून हे सगळं गणित कागदावर मांडून दाखवलं, त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं, दोन ठिकाणी गुणाकार तपासला आणि म्हणाले, "ही काजूची रे. माडाची घेतली तर?"

माडाची पण 42.8 च, काका.