तुम्ही विचारलंत म्हणून: नामवंत प्रवाळाला इतकी किंमत मोजावी का?

माझी खाऱ्या पाण्याची टाकी पाहायला येणारे लोक थोड्या वेळाने हटकून एकच प्रश्न विचारतात. 'वॉल्ट डिस्ने', 'होमरेकर', 'जॉब्रेकर', 'रास्ता' अशी नावे लावून विकल्या जाणाऱ्या प्रवाळाचा नखाएवढा तुकडा त्याच जातीच्या बिननावाच्या प्रवाळापेक्षा दहापट, कधी त्याहूनही कितीतरी महाग असतो. मग त्यात खरोखर काही वेगळे असते, की आपण केवळ नावाचे पैसे देतो? अशी प्रवाळे मी विकत घेतली आहेत, वाढवली आहेत आणि कापून इतरांना दिलीही आहेत. माझे मत आधीच सांगतो. वेगळेपण खरे असते; परंतु मागितलेली किंमत त्या वेगळेपणाची क्वचितच असते, आणि ज्यासाठी मी आजही चार पैसे जास्त देईन ती गोष्ट नावात नसून त्या प्रवाळाच्या मागच्या इतिहासात असते.

नाव कशाचे असते, हे आधी समजून घ्यायला हवे. प्रवाळ हा प्राणी आहे, आणि त्याची वसाहत म्हणजे एकाच जीवापासून फुटत गेलेल्या असंख्य पॉलिपांचा, म्हणजे तोंड आणि स्पर्शिका असलेल्या इवल्या घटकांचा, समूह असतो. त्याची फांदी कापून सिरॅमिकच्या छोट्या चकतीवर चिकटवली की तिच्यापासून तोच जीव पुन्हा वाढतो, जशी फांदी लावून गुलाबाचे तेच झाड मिळते. या तुकड्याला सगळे फ्रॅग म्हणतात. तेव्हा 'होमरेकर' हे जातीचे नाव नव्हे, तर एका विशिष्ट जीवाचे आणि त्याच्यापासून कापत आलेल्या सगळ्या तुकड्यांचे नाव आहे. 'वॉल्ट डिस्ने' आणि 'होमरेकर' ही दोन्ही सहसा अ‍ॅक्रोपोरा टेन्युइस या एकाच जातीत धरली जातात, तरी शेजारी ठेवली तर एकमेकांची वाटणारही नाहीत.

हा रंगांचा फरक मनाचा खेळ नाही. प्रवाळाच्या पेशींत चमकणारी प्रथिने असतात, आणि कोणत्या जीवात कोणती प्रथिने असावीत हे त्याच्या जनुकांत ठरलेले असते. या कुळातले पहिले प्रथिन, हिरवे चमकणारे, ओसामु शिमोमुरा यांनी 1962 मध्ये एका जेलीफिशमधून वेगळे केले. त्या कामासाठी आणि त्यावर पुढे झालेल्या संशोधनासाठी 2008 चे रसायनशास्त्राचे नोबेल तिघांना मिळाले. लाल चमकणारे प्रथिन मात्र 1999 मध्ये डिस्कोसोमा नावाच्या मश्रूम प्रवाळात सापडले, आणि 'जॉब्रेकर' ज्या वंशात धरतात तो हाच वंश. प्रयोगशाळांत पेशींना खूण करण्यासाठी वापरला जाणारा लाल रंग आपल्या टाकीतल्या मश्रूमच्या भाऊबंदांकडून आलेला आहे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

परंतु जनुक आहे म्हणून रंग दिसेलच असे नाही, आणि नावाच्या व्यवहारात लोक इथेच फसतात. कोणते प्रथिन किती तयार व्हावे हे बरेचसे प्रकाशावर अवलंबून असते. शिवाय प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारे सूक्ष्म शैवाल तपकिरी असते. पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट वाढले की ते शैवाल दाटते आणि सगळे रंग त्याखाली बुडतात. मी पहिला नामवंत अ‍ॅक्रोपोरा घेतला तो फोटो पाहून. फिकट निळी फांदी, तिच्यावर गुलाबी आणि पिवळ्या वाट्या (पॉलिप ज्यात बसतात ती बारीक घरे), मधूनमधून हिरवे पॉलिप. प्रत्यक्षात चकतीवर करंगळीच्या पेराएवढी एक काडी आली. पांढऱ्या बॅटरीच्या उजेडात धरली तर ओल्या मातीच्या रंगाची होती, आणि जवळजवळ चार महिने तशीच राहिली. पाण्याची क्षारता दिवसाआड बदलू न देणे, माशांचे खाणे कमी करणे आणि दिवा थोडा वर उचलणे, याखेरीज मी काही केले नाही. पाचव्या महिन्यात टोकाशी भिंगातून पाहावी लागेल इतकी बारीक निळसर कड दिसली, आणि तिच्यामागे एकेका वाटीला गुलाबी छटा चढत गेली. तो फोटो खोटा नव्हता. तो निळ्या दिव्याखाली, कॅमेऱ्यावर पिवळी काच लावून, दुसऱ्याच्या टाकीत काढलेला होता. विकत मिळतो तो जीव, रंग आपला आपल्याला मिळवावा लागतो.

आता किमतीविषयी. जी वस्तू कापली की दोन होते, तिचा भाव कायम चढा राहू शकत नाही. आज एका विक्रेत्याकडे एकच वसाहत आहे म्हणून तुकडा महाग आहे. घेणाऱ्यांपैकी प्रत्येक जण वर्षा-दीड वर्षात त्याचे तुकडे करू लागतो, आणि भाव उतरतो. भराभर वाढणाऱ्या फांद्यांच्या अ‍ॅक्रोपोराचा तो लवकर उतरतो. अंगावर फुगे येणारी 'बाउन्स' मश्रूम फार सावकाश वाढतात, म्हणून त्यांचा भाव बराच काळ टिकतो. कधी कधी कारण बाहेरचे असते: 2018 मध्ये इंडोनेशियाने जिवंत प्रवाळांची निर्यात थांबवली तेव्हा तिथून येणाऱ्या प्रवाळांचा ओघ आटला, आणि आधीच टाक्यांत असलेल्या सोनेरी टॉर्च प्रवाळांना त्यामुळे भाव आला, 2020 मध्ये निर्यात पुन्हा सुरू झाली. फ्रॅग विकून पैसे वसूल होतील या हिशेबाने घेणाऱ्याला मी नेहमी सांगतो की हा हिशेब तुमच्याआधी घेतलेल्या प्रत्येकाने केलेला असतो, आणि तुमचा तुकडा कापण्याजोगा होईपर्यंत त्यांचे तुकडे बाजारात आलेले असतात.

नावाची आणखी एक मोठी उणीव म्हणजे त्यामागे कोणतीही नोंद नसते. ऑर्किडच्या संकरांची नावे लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे रीतसर नोंदवली जातात. प्रवाळाचे नाव विक्रेता ठेवतो, आणि दुसरा विक्रेता तोच जीव दुसऱ्या नावाने विकू शकतो किंवा भलताच जीव त्या नावाखाली खपवू शकतो. मला स्वतःला एकाच नावाचे दोन फ्रॅग दोन ठिकाणांहून मिळाले होते. एकाच दिव्याखाली, एकमेकांपासून वीतभर अंतरावर वर्षभर वाढल्यावर एकाच्या फांद्या जाड आणि आखूड निघाल्या, दुसऱ्याच्या बारीक आणि लांब. ते एकच प्रवाळ नव्हते हे त्यांनीच सांगितले.

तरीही मी नावाला पूर्णपणे नाकारत नाही, याचे कारण वंशावळ. समुद्रातून आलेली वसाहत प्रवासाने शिणलेली असते, तिला कृत्रिम प्रकाशाची आणि टाकीतल्या पाण्याची सवय नसते, आणि तिच्यासोबत नको ते पाहुणे येतात. अ‍ॅक्रोपोरा खाणारा चपटा कृमी त्याच्याच रंगाचा असल्यामुळे अंगावर बसलेला दिसत नाही. औषधी पाण्यात बुडवून काढले तर कृमी सुटून पडतो, पण त्याची अंडी त्यातूनही वाचतात. याउलट जो जीव दहा-पंधरा वर्षे एका टाकीतून दुसऱ्या टाकीत कापला जात आला आहे, त्याने सगळ्यांच्या चुका सोसून तग धरलेला असतो, आणि त्याचा प्रत्येक तुकडा समुद्रातून एक वसाहत कमी तोडायला लावतो. दगडी प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराखाली परवान्यानेच होतो, तरी मागणी टाक्यांतूनच भागलेली मला हजारपटीने बरी वाटते. या गोष्टीसाठी साध्या प्रवाळाच्या दुप्पट-तिप्पट किंमत द्यायला माझी ना नाही. पन्नासपट द्यायला आहे.

म्हणून घेण्यापूर्वी नाव विचारू नका, बाकीचे सगळे विचारा. पांढऱ्या दिव्यात काढलेला फोटो मागा. मूळ वसाहत किती वर्षे त्याच टाकीत आहे आणि ती पाहायला मिळेल का, हे विचारा. फ्रॅग हातात घ्या आणि बुडाशी पाहा: कापलेली कड पांढरी आणि उघडी असेल तर तो तुकडा काल-परवा कापलेला आहे, मांस गोंदावरून खाली उतरून चकतीवर पातळ झालरीसारखे पसरले असेल, तर तो रुजला आहे. मी त्या झालरीचे पैसे देतो. झोअँथिड गटातले, म्हणजे बटणांसारख्या पॉलिपांच्या झुपक्यांनी वाढणारे, प्रवाळ असेल तर हातमोजे आणि चष्मा लावल्याशिवाय कापू नका, कारण त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते.

माझ्या त्या पहिल्या अ‍ॅक्रोपोराचे पुढे काय झाले, हेही लोक विचारतात. तिसऱ्या वर्षी रात्रीतून हीटर चालूच राहिला आणि सकाळपर्यंत मुठीएवढी झालेली वसाहत पांढरी पडली. त्याच्या आदल्या वर्षी एका मित्राला मी तिची एक फांदी विनामूल्य दिली होती, कारण एका टाकीवर सगळी भिस्त ठेवू नये हे मला थोरांनी शिकवले होते. त्याने दोन महिन्यांनी एका चकतीवर तिचा तुकडा आणून दिला. तोवर बाजारात त्या नावाचा भाव मी दिलेल्याच्या आठव्या हिश्श्यावर आला होता. चकतीवर नाव लिहिलेले नव्हते. बुडाशी झालर उतरलेली होती आणि टोकाला निळी कड होती.