बुरुजातलं चुकीचं स्पेलिंग

व्हर्सायबद्दल फार लिहिणार नाही. अडीच तास रांग, मग पुढच्या माणसाच्या मोबाईलच्या पडद्यावर दिसलेला आरसेमहाल, आणि रात्री सुजलेले पाय गरम पाण्यात. एक गोष्ट तेवढी डोक्यात राहिली. आरसेमहालाच्या छतावर अगदी मधोमध चौदाव्या लुईचं चित्र आहे आणि त्याचा विषय आहे, 'राजा स्वतः राज्य करतो'. १६६१ साली मुख्यमंत्री माझारँ वारला आणि बावीस वर्षांच्या लुईने त्याच्या जागी कोणाला नेमलंच नाही, त्याचं हे कौतुक. शाळेत आपण घोकलेलं 'मी म्हणजेच राज्य' हे वाक्य तो खरंच म्हणाला याला पुरावा नाही म्हणे. छताला एवढं मोठं चित्र लावल्यावर तोंडाने म्हणायची गरजही नसावी.

पॅरिसचे बाकीचे चार दिवस पावसात गेले. खरी सहल सुरू झाली ती दक्षिणेत, मॉंपेलियेला. तिथे माझी भाची शिकते. तिनेच एग-मॉर्तचा घाट घातला. "मावशी, तटबंदीचं गाव आहे, गुलाबी मिठागरं आहेत, समुद्र जवळ आहे." डासांबद्दल अवाक्षर नाही. गावाच्या नावाचा अर्थच 'मेलेलं पाणी', हेसुद्धा तिने तिकिटं काढल्यावर सांगितलं.

नीमला गाडी बदलली. त्या छोट्या गाडीत सगळे समुद्रावर निघालेले, हातात छत्र्या, फुगवलेली बदकं. एग-मॉर्तला फारसं कोणी उतरलं नाही. सव्वादोन वाजले होते, पोटात कावळे कोकलत होते. पहिल्या हॉटेलात बाई म्हणाली, किचन दोनला बंद. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात किचन चालू होतं, पण शाकाहारी म्हटल्यावर लेट्यूसची पानं आणि अर्धा टोमॅटो आला, आणि वर बिल आलं पूर्ण जेवणाचं. शेवटी एका बेकरीतली फुगास खाल्ली. संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास असलेला गोड पाव, वर साखर. या गावाने माझ्याशी केलेली पहिली चांगली गोष्ट.

नवरा तोवर वैतागून म्हणाला, "बुरूज बघायला एवढ्या लांब? आपल्याकडे काय कमी आहेत?"

बुरुजाचं नाव तूर द कॉन्स्टान्स. तेराव्या शतकात नवव्या लुईने बांधला, आणि १२४८ साली तो याच बंदरातून क्रुसेडवर निघाला. भिंतींची जाडी सहा मीटर. माझा अख्खा हॉल त्या भिंतीत मावेल. आत एकावर एक दोन गोल दालनं आणि मधल्या जमिनीला विहिरीसारखं गोल भोक. वरच्या दालनात त्या भोकाच्या कठड्याभोवती लोक वाकून फोटो काढत होते. मीही वाकले. दगडावर वेडीवाकडी अक्षरं: आर, ई, जी, आय, एस, टी, ई, आर.

"रजिस्टर!" मी मोठ्याने वाचलं. नवरा म्हणाला, "घ्या, इथेही नोंदणी. आधार कार्ड आणलंय ना?" आणि आम्ही दोघं खिदळलो.

भाची हसली नाही. "मावशी, ते 'रेझिस्ते' आहे. तिकडच्या बोलीत एसच्या जागी जी लिहिलाय. नमू नका. टिकून राहा."

ज्या बाईने हे कोरलं असं मानतात, आणि नक्की तिनेच कोरलं असं कोणी छातीठोकपणे सांगत नाही, तिचं नाव मारी द्युराँ. १७३० साली तिला इथे आणलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची, नुकतंच लग्न झालेली. गुन्हा काय, तर भाऊ प्रोटेस्टंट पाद्री होता, चोरून प्रार्थना घ्यायचा आणि हाती लागत नव्हता. दोन वर्षांनी तो लागला, मॉंपेलियेत त्याला फाशी दिलं. आता बहिणीला सोडायला हरकत नव्हती. सोडलं नाही. ती बाहेर आली १७६८ साली.

मी बोटांवर मोजलं. अडतीस वर्षं. माझा जन्म, शाळा, कॉलेज, लग्न, पहिली नोकरी, दुसरी नोकरी, आईचं आजारपण, हे सगळं अडतीस वर्षांत बसतं.

आणि यात सगळ्यात जीवघेणं काय, तर दाराला जणू आतूनच कडी होती. 'मी माझा धर्म सोडते' एवढं म्हटलं की सुटका. काही जणींनी म्हटलंही, आणि त्यांना नावं ठेवायचा मला काय अधिकार? कबूलच करते, मी पहिल्या हिवाळ्यात म्हटलं असतं. समुद्राचा वारा, ओल, आणि वर ते डास. मी तर किचन बंद म्हटल्यावर रडकुंडीला आले होते.

हे सगळं आलं कुठून, याचा धागा मला त्या दालनात बसून लागला. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट (तिथले ह्युगनॉट) यांनी छत्तीस वर्षं एकमेकांना कापलं. १५७२ सालची सेंट बार्थोलोम्यूची कत्तल त्यातलीच. दमलेल्या देशाला चौथ्या हेन्रीने १५९८ साली नांतच्या जाहीरनाम्याने शांत केलं. ह्युगनॉटांना ठरलेल्या जागी उपासनेची मोकळीक, नोकऱ्या, आणि स्वतःची शिबंदी असलेली काही गावं. जाहीरनाम्यात लिहिलं होतं, हा कायमचा आणि न फिरवता येणारा. मुलगा तेरावा लुई आणि त्याचा मुख्यमंत्री रिशल्यू यांनी १६२८ साली ला रोशेल उपाशी मारून घेतलं आणि पुढच्या वर्षी ह्युगनॉटांचे किल्ले काढून घेतले. उपासना मात्र राहू दिली. नातू चौदावा लुई, त्याने १६८५ साली उपासनाही काढून घेतली. आजोबाने दिलं, बापाने निम्मं परत घेतलं, नातवाने झाडून सगळं. किल्ले होते तोवर राजाला यांच्याशी तह करावा लागे. किल्ले गेल्यावर नुसता हुकूम पुरला. एक राजा, एक कायदा, एक धर्म. ज्याला छतावर 'स्वतः राज्य करतो' लिहायचंय, त्याला घराघरातली वेगळी प्रार्थना खुपणारच.

मजा म्हणजे (मजा कसली) हेच एग-मॉर्त १५७६ साली प्रोटेस्टंटांना संरक्षणासाठी दिलेल्या गावांपैकी एक होतं.

१६८५च्या आधीपासूनच लुईने एक युक्ती चालवली होती, ती वाचून मला आपल्याकडचा मोहसल आठवला. थकबाकी वसूल करायला सरकारी शिपाई दारात बसवायचा, आणि त्याच्या जेवणाखाण्याचा भार त्याच घरावर टाकायचा. लुईने ड्रॅगून घोडेस्वार ह्युगनॉटांच्या घरात मुक्कामाला घातले. खा, प्या, सामान फोडा, रात्रभर ढोल वाजवून झोपू देऊ नका. घरधनी कॅथलिक झाला की शिपाई हलायचे शेजाऱ्याकडे. शिपाई येताहेत म्हटल्यावर गावंच्या गावं एका दिवसात धर्म बदलायची, आणि दरबारात आकडे पोचायचे. मग १६८५ साली म्हणायला मोकळे, की आता कोणी उरलंच नाही तर जाहीरनामा हवाच कशाला!

पाद्र्यांना पंधरा दिवसांत देश सोडायचा हुकूम, आणि बाकीच्यांना सोडायची बंदी. पळताना सापडला तर पुरुषाला गलबतावर वल्हं मारायची जन्मठेप, बाईला तुरुंग. तरीही दीड-दोन लाख लोक निसटले, बर्लिन, ॲमस्टरडॅम, लंडनला. विणकर, घड्याळजी, सावकार. लुईने गोवळकोंड्याकडून आलेला निळा हिरा ज्याच्याकडून घेतला, तो व्यापारी ताव्हेर्निएही प्रोटेस्टंटच. हिरा घेताना धर्म आडवा आला नव्हता, उलट सरदारकी दिली होती.

नवरा एका कोपऱ्यातली पाटी वाचून एकदम खूश झाला. १७०५ साली आब्राहम माझेल नावाचा प्रोटेस्टंट बंडखोर भिंतीतला दगड सैल करून, चादरी बांधून, सोळा साथीदारांसकट याच बुरुजातून उतरला होता. "हे बघ! हा आपला माणूस!" त्याला असल्याच गोष्टी आवडतात. मलाही आवडतात. पण दोराने उतरायला एक रात्र लागते. मारी अडतीस वर्षं पत्रं लिहीत बसली. सोबतच्या बायकांसाठी अर्ज, मदतीची मागणी, भाचीची चौकशी. १७६८ साली लांगदॉकचा सुभेदार प्रिन्स द बोव्हो याने बुरूज पाहिला आणि परवानगी मोजक्या जणींची असताना सगळ्यांनाच सोडलं. मारी गावी परतली आणि आठ वर्षांनी गेली.

"तिलाही भाचीच होती," माझी भाची म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

गच्चीवर गेलो. खाली गुलाबी खाचरं, पलीकडे मिठाचा पांढरा डोंगर, आणि वारा असा की ओढणी उडून एका जर्मन आजोबांच्या तोंडावर. फोटो छान आले. सेवेनच्या डोंगरातलं प्रोटेस्टंटांचं संग्रहालय राहूनच गेलं, कारण तिथे गाडीशिवाय जाता येत नाही आणि नवरा उजव्या बाजूने गाडी चालवायला तयार नाही. तिकडच्यासारखी गाडी न चालवता येणं ही आमच्या संसारातली जुनी तक्रार, तिचं वर्णन पुन्हा कधीतरी.

परतीच्या गाडीत अकरा चावे मोजले, सात माझे. गावातून मिठाची एक डबी आणली होती, महागडी, 'फ्लर द सेल' लिहिलेली. पुण्यात जुलैत उघडली तर आतलं मीठ ओलं होऊन दगड झालंय. आई म्हणते टाकून दे. अजून फडताळात आहे.