सीतेच्या चित्रासमोर आलेला प्रश्न

बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातलं महाराजा फत्तेसिंह संग्रहालय मराठी पर्यटकांना दाखवणं हे माझं काम. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून करवून घेतलेली चित्रं इथे आहेत. त्या दिवशी नाशिकची मंडळी 'सीता भूमिप्रवेश'समोर थांबली होती. मी सांगत असतानाच मागून एक काका म्हणाले, "इथल्या महाराजांना सीतेनंच पाडलं होतं ना हो?"

सगळे हसले. मला ते लागलं.

गोष्ट खरी आहे. १९९१च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचे रणजितसिंह गायकवाड हरले आणि 'रामायण' मालिकेत सीता झालेल्या दीपिका चिखलिया भाजपकडून निवडून आल्या. पण त्याआधी १९८० आणि १९८४ साली याच बडोद्यानं रणजितसिंहांना खासदार केलं होतं, ते कुणाच्या लक्षात नसतं. संस्थानिकांचे तनखे १९७१ सालीच बंद झालेले; गादीचा मान त्यांच्याकडे आला तो १९८८ साली, थोरले बंधू फत्तेसिंहराव गेल्यावर. म्हणजे पहिल्यांदा निवडून आले तेव्हा ते महाराजही नव्हते.

"आणि काका, ते चित्रकार होते," मी म्हणालो.

काकांच्या नातीनं लगेच विचारलं, "राजे तर चित्रं विकत घेतात ना? मग काढायची कशाला?"

इतकी वर्षं हे काम करतोय, पण असं कुणी विचारलं नव्हतं. मी तिला सांगितलं, की विकत घेतलेलं चित्र घराण्याचं होतं, काढलेलं आपलं स्वतःचं. रणजितसिंह चित्रकला शिकले ते इथल्याच सयाजीराव विद्यापीठाच्या फाईन आर्ट्समध्ये. १९५० साली सुरू झालेली ही संस्था, चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांनी तिथला चित्रकला विभाग घडवला. घरात रविवर्मा असताना माणूस नव्या चित्रकलेच्या शाळेत शिकायला जातो, याचं मला फार मोल वाटतं. खासदारकी मतांवर मिळते आणि मतांवरच जाते, गादी जन्मानं येते. कुंचला मात्र हात बसेपर्यंत रोज चालवावा लागतो, तिथे आडनाव कामाला येत नाही. २०१२ साली ते गेले, तेव्हा मला आधी त्यांच्यातला चित्रकारच आठवला होता.

काका गप्प झाले होते. थोड्या वेळानं त्यांनी फाईन आर्ट्सचा रस्ता विचारला. मंडळींचा बेत खरं तर कमाटीबागेचा होता. फाईन आर्ट्स त्या बागेपासून जवळच, पुष्पबागेत आहे, म्हणून मी रिक्षावाल्याला आधी तिथे न्यायला सांगितलं.