बोटं

"बोटांकडे बघून कसलं टायपिंग रे?" आई मागून म्हणाली आणि मी चोरी पकडल्यासारखी मान वर केली.

१५ वर्षं कॉम्प्युटरवर पोट भरतोय, टाइप करतो दोन बोटांनी. काल शिकायला फुकटातलं काहीतरी शोधत बसलो, तर जो तो आधी ईमेल मागतो. शेवटी टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडलं आणि जीटायपिस्ट हे टायपिंग शिकवणारं सॉफ्टवेअर टाकलं. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं. लॉगिन नाही, जाहिरात नाही. काळ्या पडद्यावर ओळ येते, तिच्याखाली आपण तीच टाइप करायची. चुका ३ टक्क्यांच्या वर गेल्या की पुन्हा पहिल्यापासून. (माझा पहिलाच धडा सात वेळा झाला. हसू नका.)

"सरक जरा." आईने एफ आणि जेवरचे उंचवटे चाचपले. "आमच्या टाइपरायटरला हे नव्हते हं." आणि खिडकीबाहेर बघत सुरू. एएसडीएफ, सेमीकोलन एलकेजे. लग्नाआधी केलेला टायपिंगचा क्लास, इंग्रजी ४०, म्हणजे मिनिटाला ४० शब्द. त्यानंतर बोटांना बहुतेक पोळपाट-लाटणंच.

एकही चूक नाही. फक्त ओळ संपली की तिचा डावा हात हवेत वर जायचा. कॅरेज ढकलायला.

तुमच्या घरी आहे का कुणी असं?